थेंबाचा एकोणिसावा दिवस

त्यानं दाराबाहेर चपला काढल्या, नाक शिंकरून घेतलं आणि चोरपावलांनी तो प्रयोगशाळेत शिरला. आत कोणी झोपलं नव्हतं. आत एक थेंब होता.

खसखशीच्या दाण्याहून लहान असलेला तो पाण्याचा थेंब दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये चेपून ठेवला होता. एवढ्या दाबाखाली त्यानं पहिल्याच दिवशी गोठायला हवं होतं. तो गोठला नव्हता. बारीकसा धक्काही त्याला पुरेल, असं सर म्हणत. उद्या संध्याकाळपर्यंत तो पातळ राहिला, तर विक्रम होणार होता; इतका वेळ असा थेंब कुठल्याच प्रयोगशाळेत टिकला नव्हता.

म्हणून भिंतीवरचं घड्याळ उतरवलं होतं, टिकटिक करायचं. झाडणाऱ्या मावशींना भरपगारी रजा होती. वेळ बघायला तेवढा त्याचा मोबाइल टेबलावर असे, मुका करून.

सरांनी दारातूनच कुजबुजत विचारलं,

"सगळे नंबर बंद ना?"

"एक सोडून."

"कोणाचा?"

"बाबांचा. तीन वर्षांत एकदाही आलेला नाही, सर. धोका शून्य."

सर शास्त्रज्ञ होते. त्यांना आकडा पटला. ते मोज्यांवर घसरत निघून गेले.

तीन वर्षांपूर्वी हे शिकायला तो घरातून निघाला, तेव्हा बाबा म्हणाले होते, "दाबून दाबून काढणार काय? तेल?" ते शेवटचं बोलणं.

एकोणीस दिवसांत तोही कुजबुजण्यापलीकडे कोणाशी बोलला नव्हता. खोलीवर गेल्यावरसुद्धा तो आता दार हळूच लावायचा. तिथे कोणी नव्हतं.

चार वाजून दहा मिनिटांनी तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला असताना मोबाइल वाजला. टेबल थरथरलं.

थेंबाच्या कडेला एक सुई उगवली. मग दुसरी. तिसऱ्या घंटेच्या आत अख्खा थेंब सुयांनी भरून गेला.

डोळा न काढता त्यानं चाचपडत मोबाइल उचलला.

"कोण बोलतंय?" फोन करून बाबांनीच विचारलं.

"मी."

"हां. चुकून लागला वाटतं."

"असेल."

बाबा खाकरले. फोन मात्र ठेवला नाही.

"निघालं का तेल?"

"अजून नाही."

"बरं. कामात असशील."

त्यानं पुन्हा एकदा भिंगातून पाहिलं. सगळं जिथल्या तिथे घट्ट बसलं होतं.

"नाही, बाबा," एकोणीस दिवसांत पहिल्यांदाच तो मोठ्यानं बोलला. "आत्ताच मोकळा झालो."