झाकणातला साबण

संघपालनं अंगाच्या साबणाचा तुकडा बोटांत चोळून बारीक गोळी केली आणि येझदीच्या पेट्रोल टाकीच्या झाकणात दाबली. त्या झाकणाला टाचणीएवढं भोक असतं, हवा आत जायला. ते बुजवलं की गाडी सुरू होते, मस्त पळते, आणि चार-पाच किलोमीटरवर टाकीतून पेट्रोल उतरायचंच थांबतं. फट् फट् करत गाडी मरते. मग मारा किका, काढा प्लग, पुसा घाम, काही उपयोग नाही. साबण पेट्रोलात विरघळत नाही हे गुडीहत्नूरच्या कुठल्याही मेकॅनिकला ठाऊक आहे. पण साबणानं सूड घेतल्याचं ऐकलंय कधी कुणी? संघपाल घेणार होता.

गाडी माणिकराव पाटलाची. अठ्ठ्याहत्तर सालची, दोन सायलेन्सरची, वीस वर्षं गोठ्यात कडब्याखाली पडलेली. पाटलाचा मुलगा रविकांत हैदराबादेत नोकरीला, आणि तिकडे जुन्या गाड्यांचं भलतंच खूळ. त्यानं फोनवर बजावलं, भंगारात देऊ नका, नीट करून घ्या. आता अख्ख्या मंडलात जुन्या येझदीचं इंजिन उघडून पुन्हा जसंच्या तसं बसवणारा माणूस एकच, संघपाल. झक मारत पाटील त्याच्या गुडीहत्नूरच्या दुकानात आला. आला आणि म्हणाला काय, तर "काय रे संघ्या, बरा हायस ना?" जसं काही झालंच नव्हतं!

झालं काय होतं ते ऐका. चाळीस वर्षांपूर्वी संघपालचे वडील रामाजी शाळेत मास्तर झाले, बौद्धवाड्यातले पहिले. बेल्लमपल्लीच्या एका खाण कामगाराकडून त्यांनी जुनी येझदी आणली. गावात तोवर येझदी एकच, पाटलाची. पाटलानं ओसरीवर बसल्या बसल्या हुकूम सोडला, "मास्तर, गाडी खुशाल चालव. पन माह्या दारावरून बंद करून, खाली उतरून न्यायची." रामाजींचे दोघे भाऊ पाटलाच्याच कापसात मजुरीला जात होते. रामाजी उतरले. एक दिवस नाही, नऊ वर्षं उतरले. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, मान खाली घालून गाडी ढकलत न्यायचे, आणि मागून कॅरिअर धरून लहानगा संघपाल जोर लावायचा. ओसरीवरची टोळी खिदळायची. आग लागो त्या ओसरीला! बापाच्या पाठीवर घामानं चिकटलेला तो शर्ट संघपाल कसा विसरेल?

पुढे बदली झाली, रामाजींनी गाडी विकून टाकली आणि पुन्हा कधी फटफटीवर बसले नाहीत. आता वय चौऱ्याहत्तर. गुडघे गेले, डोळे शाबूत. घर मात्र आता गावाच्या तोंडाशी, डांबरी रस्त्याला लागून. पाटलाला गावात शिरायचं तर त्यांच्या फाटकासमोरूनच जावं लागतं. त्या फाटकासमोर, बाबांच्या डोळ्यांदेखत पाटलानं खाली उतरून गाडी ढकलावी, एवढंच संघपालला हवं होतं. आणि बाबा आहेत तोवर हवं होतं. नंतर त्याचं काय लोणचं घालायचं?

चार महिने तो राबला. कामात तसूभर खोट ठेवली नाही. क्रँक नवी, पिस्टन नवा, टाकीवरचे सोनेरी पट्टे निर्मल गावच्या एका चित्रकाराकडून हातानं काढून आणले. गाडी भिकार निघाली असं कुणी म्हणता कामा नये. ती मरायची तर त्याच्या हुकमानं मरायला हवी होती. मग तीन दिवस नुसत्या चकरा. टाकी भरली तर आत हवा कमी, गाडी अडीच किलोमीटरवरच बंद पडायची, अर्धी ठेवली तर सव्वापाचवर. दुकानापासून बाबांचं फाटक बरोबर पाच. पेट्रोल काढत-घालत त्यानं ती जागा गाठलीच.

रविवारी सकाळी पाटील काळा चष्मा लावून हजर. गाडीभोवती दोनदा फिरला, खूश झाला आणि म्हणाला, "पंपावर टाकी फुल करूनच जातो."

संघपाल घाईनं गाडीला आडवा आला. सगळी मेहनत पाण्यात जायची वेळ. "पाटील, रंग अजून कच्चा हाय. वरून पेट्रोल सांडलं तं पट्टा उठते."

"असं म्हनतं? मंग राहू दे." पाटलानं किक मारली आणि निघाला. मागे स्कूटरवर संघपाल.

गाडी काय पळत होती! अर्ध्या वाटेत संघपालला धडकी भरली, मरते की नाही मरत? पण फाटकाच्या वीस पावलं अलीकडे फट् झालं, पुन्हा फट् झालं, आणि बसली. पाटलानं दहा किका मारल्या. चष्मा निघाला, टोपी निघाली. विहारातून वंदना आटोपून येणारी माणसं थबकली.

"ढकला पाटील," संघपाल लांबूनच ओरडला, "गाव जवळच हाय!"

पाटील उतरला. हँडल धरून, वाकून ढकलू लागला. संघपालचा जीव असा थंड झाला म्हणता! याचसाठी तर जगलो, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात रामाजी भिंत धरत धरत फाटकाबाहेर आले. "काऊन ढकलून राह्यले, पाटील?"

"काय माहीत मास्तर, बंदच पडली."

रामाजींनी टाकीला कान लावला. झाकण फिरवलं, तर सूंऽऽ करून हवा आत ओढली गेली. त्यांनी एकदाच संघपालकडे पाहिलं. संघपालची मान खाली गेली. मेला म्हातारा, त्याच्या सुडावर बोळा फिरवत होता! रामाजींनी झाकण ढिलं ठेवून म्हटलं, "आता मारा."

पहिल्याच किकला गाडी बोलायला लागली. पाटील घाम पुसत म्हणाला, "लई उपकार झाले, मास्तर."

"बसा. बसूनच जा, पाटील," रामाजी वर्गात सांगावं तसं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आमच्या दारावर कोनाले खाली उतरा लागत नाई."

पाटलाचा पाय सीटवर चढता चढता थांबला. त्यानं जमलेल्या माणसांकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं, कुणी हलत नव्हतं. पाय खाली आला. तोंड पार उतरलं. त्यानं चावी फिरवून चालू गाडी बंद केली, आणि सत्तरीचा तो माणूस मान खाली घालून धडधाकट येझदी ढकलत रामाजींच्या दारावरून गेला, थेट वळणापर्यंत.

रामाजी फाटक धरून बघत राहिले. मग पोराकडे वळून म्हणाले, "पाह्यलं? त्याले कोन म्हनलं होतं, उतर म्हनून?" आणि खदाखदा हसायला लागले.