मुकी स्क्रिप्ट

"बिल्ड यशस्वी." एवढंच. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. यशस्वी म्हणे! तिकडे चाचणीच्या डेटाबेसमधली टेबलं पुन्हा धुतल्यासारखी रिकामी झाली होती, आणि ते धाकटीच्या माथी मारून साहेब मोकळे झाले होते.

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. घरात एक स्वयंपाकघर, ऑफिसात एक खोली. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या त्या कंपनीत थोरली जुनी. धाकटी चाचणीच्या कामावर नुकतीच लागलेली, अजून कायम व्हायची होती. खोटे रुग्ण रचायचे, हे तिचं काम. एकशे चार वर्षांचे आजोबा, आडनावच नसलेली बाई, एकाच दिवशी जन्मलेली तिळी. एकेक रुग्ण ती हाताने भरायची, जीव लावून. आणि दुसऱ्यांदा सगळे गायब!

"हिनेच काहीतरी दाबलं असणार," साहेब म्हणाले. "शुक्रवारपर्यंत सगळं परत भरून दे आणि मग ये तू."

म्हणजे कामही करायचं आणि चालतंही व्हायचं! घरी धाकटी जेवणाच्या ताटावर नुसती बसून राहायची. "ताई, मी खरंच काही दाबलं नाही हो."

"तू जेव आधी," थोरली म्हणायची. "बघते मी."

तिला खरा राग होता त्या स्क्रिप्टचा. सगळ्यांचा कोड गोळा करून प्रोग्राम बांधणारी, म्हणजे बिल्ड करणारी, ही स्क्रिप्ट वाटेत डेटाबेसचंही काम उरकायची: जुनी टेबलं पुसायची, नवी मांडायची. पण कुठली, कुणाची, याबद्दल चकार शब्द नाही. कारण साहेबांचा नियम: "चांगलं काम गाजावाजा करत नाही. पडदा कसा स्वच्छ हवा." सगळा तपशील गिळून टाकणारी ओळ त्यांनी स्वतः लिहिली होती, आणि वर येणाऱ्याजाणाऱ्याला ती कौतुकाने दाखवायचे.

थोरलीने ती ओळ उपटून काढली. मग डेटाबेसच्या प्रत्येक पायरीला बोलायला लावलं: सेटिंग कुणाच्या फाईलमधून घेतलं, कुठल्या डेटाबेसला जोडलं, कुठलं टेबल पुसलं, किती नोंदी गेल्या. पासवर्डाच्या जागी तेवढ्या चांदण्या ठेवल्या.

शुक्रवारी तिने सगळ्यांना पडद्यापुढे जमवलं. एकेकाने आपापल्या मशीनवरून बिल्ड चालवायचं. स्क्रिप्ट घडाघडा बोलू लागली. ज्याचा त्याचा डेटाबेस, सगळं जागच्या जागी.

"झालं समाधान?" साहेबांनी विचारलं.

"तुमचं राहिलं, साहेब."

साहेबांनी हसत बटण दाबलं.

सेटिंग: साहेबांची फाईल. जोडलं: चाचणीचा डेटाबेस. टेबल पुसलं: रुग्ण. नोंदी गेल्या: दोनशे बारा.

आजोबा, बाई, तिळी, धाकटीने आठवडाभर खपून पुन्हा उभे केलेले सगळे जण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेले. साहेबांनी कधीतरी काही बघायला आपल्या सेटिंगच्या फाईलमध्ये चाचणीच्या डेटाबेसचा पत्ता टाकला होता आणि तो बदलायचं विसरून गेले होते. तेव्हापासून त्यांनी बिल्ड चालवलं की टेबलं साफ.

"अरेच्चा!" साहेब म्हणाले. "मग स्क्रिप्टने सांगायला नको का?"

"सांगत होती की!" थोरलीचा आवाज चढला. "तुम्हीच तिच्या तोंडात बोळा कोंबलात. आणि चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालात!"

"बरं बरं, झालं गेलं विसरून जा. कायम करू हिला. भरून टाकेल ती परत."

धाकटी उठली. मोठ्यांपुढे कधी मान वर न करणारी धाकटी. तिने आपली खुर्ची मागे ओढली आणि साहेबांकडे वळवली.

"बसा. मी सांगते, तुम्ही भरा."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणीही त्यांच्यावरची नजर काढली नाही. ते बसले.

"पहिले आजोबा. वय एकशे चार," धाकटी म्हणाली. "आणि प्रत्येक नोंद झाली की मोठ्यानं सांगायचं हं. मुकाट्यानं नको."

थोरलीने सकाळीच सगळ्या रुग्णांची एक प्रत काढून ठेवली होती. त्याबद्दल मात्र ती चकार शब्द बोलली नाही.