मोठी कवचं

संगणकातलं मॉडेल चुकलं असतं तर धाकटी हसतमुखाने घरी गेली असती. पण मेलं ते बरोबर निघालं, आणि तेही असं की कुठे बोट ठेवायला जागा नाही.

समुद्रात वाळूच्या कणाएवढे प्लवक जीव तरंगत असतात. ज्या पाण्यात ते वाढतात, त्याच्या उष्णतेची खूण त्यांच्या कवचातल्या रसायनांत राहते. जीव मेला की कवच तळाच्या गाळात जाऊन बसतं, आणि लाखो वर्षांनी कुणीतरी ते वेचून तपासतं. ताईने उभा जन्म हेच केलं. आईवडिलांच्या मागे धाकटीला वाढवलं, शिकवलं, आणि त्या कवचांवरून सिद्ध केलं की मागच्या उष्ण युगातही समुद्राचं वरचं पाणी फारसं तापलं नव्हतं. समुद्र सांभाळून घेतो, हे तिचं लाडकं वाक्य. पाणी तापलं की फुगतं. पुढेही कमी तापणार म्हणजे कमी फुगणार. या हिशेबावर बंदर खात्याने खालच्या वस्तीपुढची भिंत बेतली.

धाकटीने संगणकात तोच जुना समुद्र भरला आणि त्यात जीव सोडले. वरचं पाणी तापू लागलं तसे ते शहाण्यासारखे खाली गारव्याला गेले आणि तिथेच पोसून मोठे झाले. त्यांच्या कवचांतून ताईचेच आकडे निघाले, अगदी तंतोतंत. फक्त ते वरच्या पाण्याचे नव्हते. वरचं पाणी चार अंशांनी जास्त तापलेलं होतं, म्हणजे भिंत बुटकी पडणार होती.

ताईची नजर गेल्या वर्षी पार गेली. ती स्वयंपाकघरात चाचपडत सफरचंद सोलत बसली होती.

"आलीस? काय म्हणतायत माझे जीव?"

"चाललंय."

"चाललंय काय? तुझा खोटेपणा मला दिसत नसला तरी ऐकू येतो हं."

धाकटीला रडूच कोसळलं. रडत रडत तिने सगळं सांगून टाकलं. ताईने सुरी बाजूला ठेवली.

"लहान कवचं तपास. लहानपणी ते वरच राहत असणार."

"कुठून आणू ताई? आपण मोठीच ठेवायचो. बारीक गाळ बेसिनमध्ये धुऊन टाकायचो."

खरंच होतं ते. मोठी कवचं स्वच्छ, अख्खी, उचलायला सोपी. बारीकसारीक वेचत बसाल तर इथेच म्हातारे व्हाल, असं ताई नव्या मुलांना पहिल्याच दिवशी बजावायची. सगळे हसायचे, धाकटीही.

"समुद्रतळातून काढलेल्या गाळाची एक नळी मी उघडलीच नव्हती," ताई म्हणाली. "प्रयोगशाळेच्या शीतगृहात आहे, अगदी खालच्या फळीवर."

मग प्रयोगशाळेत धाकटी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ओल्या ब्रशच्या टोकाने बारीक कवचं वेचायची आणि ताई शेजारच्या स्टुलावर नुसती बसून राहायची. जीव मुठीत धरून दोघींनी त्या कवचांच्या रासायनिक तपासणीच्या अहवालाची वाट पाहिली. अखेर तो आला. लहान कवचांनी दाखवलेली वरच्या पाण्याची उष्णता मॉडेलने सांगितली होती त्याहूनही थोडी जास्तच होती.

"म्हणजे मी तळघरात बसून सांगत होते की गच्चीवर ऊन नाही," ताई म्हणाली. तिने अहवालाच्या कागदावरून बोटं फिरवली. मग म्हणाली, "बंदर खात्याला फोन लाव."

खात्याचे साहेब पलीकडून फार अदबीने बोलले. "मॅडम, भिंत बांधून झाली. तिच्यामागे लोकांना घरंही दिली. आता असं काही बोललात तर घबराट होईल हो."

"माझा निष्कर्ष चुकला होता."

"अहो, किती सुंदर अहवाल होता तुमचा! बाहेरच्या तज्ज्ञांनीही वाखाणला होता. तुमच्या डोळ्यांचं कळलं, वाईट वाटलं. या वयात होतं असं. मनाला लावून घेऊ नका."

फोन बंद झाला.

"मला वेड्यात काढलं ना गं त्याने?"

"हो," धाकटी म्हणाली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "पण मी छापते ना, ताई. माझ्या नावाने. बघू कुणाकुणाची तोंडं बंद करतात ते."

"छाप. छापायलाच हवं." ताईने टेबलावर हात फिरवत तिचा हात शोधला आणि धरून ठेवला. "पण ते माझा जुना अहवाल काढून तुझ्यासमोर मलाच उभं करतील बघ. म्हणतील, हिच्यापेक्षा हिच्या मोठ्या बहिणीचं ऐका."

तसंच होणार होतं, हे धाकटीलाही कळत होतं.