मालकाच्या तोंडून

हैदराबाद रोडवर भुवनेश्वरीचं ट्रकच्या फिल्टरचं दुकान होतं. धुऊन पुन्हा वापरता येणारे फिल्टर तिच्याकडे चांगले मिळतात, म्हणून लांबून ड्रायव्हर यायचे. तिला सगळे अक्का म्हणत. फिल्टर विकताना ती प्रत्येकाला तेच बजावायची. आतल्या बाजूनं पाणी सोडा, हवेचा प्रेशर मारू नका, सावलीत वाळवा, पुरता वाळल्याशिवाय तेल लावू नका, आणि तेल लावताना हात राखून लावा. पण सगळ्यात आधी रबराची कड बघा. कड नीट बसली नाही, तर फिल्टर कितीही भारी असो, धूळ बाजूनं इंजिनात जाते.

तिचा धाकटा भाऊ नंदीश याच धुळीनं रस्त्यावर आला होता. तो उदयसिंहांच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. विजापूर रोडच्या क्रशरवरून खडी भरून आणायचा. उदयसिंहांनी कुठूनतरी स्वस्तातला फिल्टर आणून मिस्त्रीकडून त्या ट्रकला बसवून घेतला. तो मापाचा नव्हता. नंदीशनं तसं सांगितलंही, पण मालकांनी ऐकलं नाही. काही महिन्यांत इंजिन ऑइल प्यायला लागलं, निळा धूर सोडायला लागलं आणि एका चढावर बसलं. तेव्हा उदयसिंहांनी भुवनेश्वरीच्या दुकानासमोरच्या ट्रान्सपोर्टच्या चौकात सगळ्या ड्रायव्हरांसमोर सांगितलं, "हा फिल्टर न लावताच गाडी हाणायचा. धुवायचा कंटाळा."

नंदीशला त्यानंतर कुणी गाडी दिली नाही. आता तो भवानी पेठेत चादरींच्या गोदामात गठ्ठे उचलायचा.  चौकातून जावं लागलं तर मान खाली घालून जायचा. भुवनेश्वरीला त्याच्या हातून गेलेल्या गाडीपेक्षा ती खाली गेलेली मान जास्त सलायची. उदयसिंह दुकानासमोरून गेले की तिच्या हातातलं काम थांबायचं. या माणसाला त्याच चौकात, त्याच लोकांसमोर खोटं पाडायचं, एवढंच तिच्या मनात असायचं. कसं, ते मात्र सुचत नव्हतं.

उन्हाळ्यात एक दिवस उदयसिंह स्वतःच दुकानात आले. बरोबर त्यांचा नवा ड्रायव्हर महिपती होता, नातेपुत्याकडचा, नुकतं लग्न झालेला.

"अक्का, नवी गाडी घेतलीय. खडीवरच चालणार हाय. धुवायचा फिल्टर दाखव," उदयसिंह म्हणाले. आणि खुर्चीत बसता बसता सहज विचारलं, "नंदीश काय करतो आता? बरा हाय न्हवं?"

"बरा हाय," ती म्हणाली.

तिनं दोन फिल्टर काढून काउंटरवर ठेवले. एक त्या गाडीचाच होता. दुसरा जुन्या मॉडेलचा, स्वस्त, दिसायला तसाच, पण त्याची कड जरा बारीक होती. बसवला की बसल्यासारखा वाटायचा, पण गाडी हादरली की फट पडायची. उदयसिंहांनी दोन्ही हातात घेऊन पाहिले. किंमत विचारली आणि स्वस्तातला बाजूला ठेवला.

"ह्यो चालंल की?"

दुसरं कुणी असतं तर तिनं तो हातातून काढून घेतला असता. आज ती नुसती म्हणाली, "तुमी मालक. तुमची पसंत."

महिपती गाडीकडे निघाला तेव्हा तिनं त्याला थांबवलं. "दोन-चार खेपा झाल्या की हिकडं आण. मी बघून देते." तिला इंजिन बिघडवायचं नव्हतं, आत गेलेली धूळ सगळ्यांना दाखवायची होती. पण तो फिल्टर घेऊन गेलेला तो पोरगा दिवसभर तिच्या डोळ्यांसमोरून हलला नाही. त्याला हाक मारून परत बोलवावं, असं तिला वाटलं. तिनं बोलावलं नाही.

आठवडा संपायच्या आत गाडीची ओढ कमी झाली. महिपती घाबरून मालकांकडे गेला आणि उदयसिंह रागारागानं त्याला घेऊन थेट दुकानात आले. दुपारची वेळ होती. समोर चौकातल्या चहाच्या टपरीवर ड्रायव्हर बसले होते, शिवू मिस्त्रीही होता. भुवनेश्वरीनं त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं महिपतीला फिल्टर उघडायला सांगितलं. फिल्टरच्या मागच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात बोट फिरवलं आणि ते सगळ्यांना दाखवलं. बोट पांढरं झालं होतं. क्रशरची बारीक धूळ.

ड्रायव्हर उठून जवळ आले. उदयसिंह महिपतीवर ओरडले, "नट आवळता येत न्हाईत तुला? का फिल्टर काढून ठिवला हुतास? उद्यापास्नं येऊ नगंस."

 महिपतीची मान खाली गेली, आणि भुवनेश्वरीला पुढचं सुचायला वेळ लागला नाही.

"त्याला काय बोलू नका," ती म्हणाली. "नट घट्टच हाईत. फिल्टर चुकीचा हाय. ह्या गाडीचा न्हवंच. मला ठाऊक हुतं. मी मुद्दाम गप बसले."

"मुद्दाम?" उदयसिंह तिच्यावर धावून आल्यासारखे वळले. "चुकीचा फिल्टर गळ्यात मारतीस आणि माझ्या ड्रायव्हरला शिव्या खाऊ घालतीस? फिल्टरच मापाचा न्हाय म्हणल्यावर ड्रायव्हरनं काय करायचं? त्याची काय चूक?"

"परत म्हणा."

"काय?"

"ड्रायव्हरची काय चूक, हे परत म्हणा. नंदीशच्या गाडीला फिल्टर कुणी आणला हुता, ते बी सांगा."

उदयसिंहांनी आजूबाजूच्या ड्रायव्हरांकडे पाहिलं.  मग शिवू मिस्त्री, त्या वेळी तो फिल्टर बसवणारा, खाली बघत म्हणाला, "मालकांनीच आणला हुता. बसत न्हाय म्हणून मी बी सांगितलं हुतं. नंदीशनं बी."

"मग तवा का बोलला न्हाईस रे?" एका ड्रायव्हरनं त्याला विचारलं.  उदयसिंह आपल्या जीपकडे वळले, तर वाटेतला एकही माणूस बाजूला सरला नाही. त्यांना अंग चोरून जावं लागलं. ते बघताना भुवनेश्वरीच्या जिवाला थंडावा मिळाला. कितीतरी दिवसांनी तिनं छाती भरून श्वास घेतला. मग महिपतीच्या गाडीला मापाचा फिल्टर तिनं स्वतःच्या हातानं बसवला, पाइप पुसून काढला आणि कडेवरून बोट फिरवून खात्री केली. महिपती शेजारी उभा होता. तिनं दिलेला चहा त्यानं घेतला नाही.

संध्याकाळी तिनं नंदीशला सगळं सांगितलं. तो ताटावर होता. ऐकून त्याचा घास हातातच राहिला.

"आणि त्यांनी महिपतीला काढलंच असतं तर, अक्का?"

"मी काढू दिलं नसतं."

"तुला काय ठाऊक?"

 ती उठून त्याला भाकरी वाढायला गेली.

चौकात घडलेलं ऐकून अकलूजच्या एका मालकानं पुढच्या महिन्यात नंदीशला गाडी दिली. पहिल्याच दिवशी तो मुद्दाम चौकातून गेला, हॉर्न वाजवत. दुकानाचं गिऱ्हाईक मात्र कमी झालं. जे येत, ते तिनं दिलेला फिल्टर आधी स्वतः गाडीला लावून, कड चारी बाजूंनी तपासून मग घ्यायचे. पूर्वी असं कुणी केलं नव्हतं. भुवनेश्वरी तेवढा वेळ काउंटरमागे उभी राहायची. त्यांना अडवायची नाही, आणि केल्याचा पस्तावाही तिला नव्हता.