मुख्य नंबर

स्टॉपवॉचचा काटा सदतीस सेकंदांवर आला तेव्हा कुठे स्क्रीनवर नाव उमटलं — थोरल्या भावाच्या धावण्याच्या दिवसांतलं ते जाडजूड स्टॉपवॉच ती मुद्दाम कामावर आणायची, कारण सर्व्हरने स्वतःबद्दल सांगितलेल्या वेळेवर तिचा विश्वास नव्हता. तसा स्वतःखेरीज तिचा कुणावरच फारसा नव्हता.

दुसरा, बाहेरचा फोन नंबर टाकला — उत्तर चुटकीसरशी. तिसरा — तसंच. रुग्णालयाच्या डिरेक्टरीत तीस लाख नोंदी; फोन आला की स्वागतकक्षातली मुलगी तो नंबर टाकते आणि हा कोणत्या रुग्णाचा नातेवाईक ते सर्व्हरने सांगायचं... एवढंच काम. पण वॉर्डातून फोन आला की गाडी अडते. मास्तर म्हणाले होते, इंडेक्स ठीक आहे, दुसरं काहीतरी असेल. सगळं फळ्यावर लिहून समजावतात म्हणून मास्तर. नंबरावरून नाव झटकन सापडावं म्हणून असलेला हा इंडेक्स त्यांनीच बांधलेला, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ‘नाचता येईना अंगण वाकडं!’ सोमवारच्या बैठकीत ती म्हणाली, इंडेक्सच कच्चा आहे असंही छातीठोकपणे सांगितलं, सगळे हसले, मास्तरही हसले. साहेबांनी काम त्यांच्याकडून काढून घेतलं. आज तीन वाजता तिचा अहवाल गेला की ते कागदावर येणार होतं.

पण मग वॉर्डाचेच फोन का... वॉर्डातून केलेला प्रत्येक फोन रुग्णालयाच्या मुख्य नंबरावरून आलेलाच दिसतो. तो नंबर किती नोंदींत आहे? चौऱ्याण्णव हजार. तिला हसूच आलं — उलगडा झाल्याचं ते जुनं, चोख सुख! इंडेक्स प्रत्येक नंबरापुढे माणसांची यादी ठेवतो, पण यादी चार हजारांपुढे गेली की सर्व्हर ती सोडून देतो आणि तीसच्या तीस लाख नोंदी एकेक चाळत बसतो. इंडेक्स शाबूत होता. मात्र इतक्या माणसांचा नातेवाईक म्हणून रुग्णालयाचा नंबर घातला कुणी?

नातेवाइकाच्या नंबराचा रकाना रिकामा सोडायचा नाही, कुणीच नसेल तर आपला मुख्य नंबर टाका... आधी आवाज आठवला, मग ती खोली, मग टेबलावर बोट आपटणारी मी. नऊ वर्षांपूर्वी, नोंदींचे नियम ठरवताना. रिकामं ते रिकामंच राहू द्या की, मास्तर म्हणाले होते, आणि मी... मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, म्हणजे ऐकलंच नसणार.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. रकाने मोकळे करायचे, झालं. चाचणीच्या प्रतीवर तिने करूनही पाहिलं. काटा हलायच्या आत उत्तर आलं. असं का होत होतं ते कुणी विचारणारही नव्हतं. ‘इंडेक्समधला दोष काढला’ — अहवालातलं वाक्यसुद्धा आपोआप सुचलं होतं.

दार ढकलून मास्तर आत आले.

“सापडलं का हो, बाई?”

“सापडलं.”

“बरं झालं. मी लवकर निवृत्तीचा अर्ज लिहून आणलाय, साहेबांना देतो. घरीही सांगून टाकलं, आता आपला हात बसत नाही कामावर. तुम्ही एवढं ठामपणे म्हणालात म्हणजे असणारच.”

तिने सवयीने त्यात टोमणा शोधला. नव्हता. साहेबांची तिला कधीच भीती वाटली नव्हती, आताही नव्हती. पण लाज वाटली, सरळसरळ लाज. आपला ठामपणा खरा मानून हा माणूस घरी जाऊन स्वतःला नालायक म्हणून आला होता.

“मास्तर, बसा,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. तोही आपलाच आहे हे तिला जरा वेळाने पटलं, आणि तिने स्क्रीनवरचा तो चौऱ्याण्णव हजारांचा आकडा त्यांच्याकडे वळवला.