सातवं पान

“उचला हो बाई, उचला!” फोन कानाशी धरून ती पुटपुटली. रक्तपेढीत घंटा वाजतच होती.

बायकांनी पुन्हा रक्त द्यायचं ते नव्वद नाही, एकशेवीस दिवसांनी, असा नियम सोमवारपासून लागू झाला होता. पेढीची वेबसाइट तिच्या कंपनीकडे होती; तिने तो साइटच्या सहा पानांत बदलला. सातवं पान, रक्तदात्यांना वेळ देणारं, ते साफ विसरली. त्या पानाने एका बाईला पंच्याण्णव दिवसांतच बोलावलं होतं. आज, अकरा वाजता. आता अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्याच ऑफिसात, पलीकडच्या टेबलावर तिची नणंद मान खाली घालून काम करत होती. डेटाबेस, म्हणजे साइटच्या सगळ्या माहितीचा साठा, नणंदेच्या ताब्यात. तिचं म्हणणं, नियम एकदाच डेटाबेसमध्ये प्रोसिजर म्हणून, म्हणजे सगळ्या पानांसाठी एकच सूचना म्हणून, लिहावा, पानांनी त्या सूचनेला नुसती हाक मारावी. भावजयीला मात्र प्रत्येक पानात आपली क्वेरी, म्हणजे नियमासकट माहिती मागणारी ओळ, हवी होती. सहा महिने घरीदारी हाच वाद, आणि जिंकली होती भावजय.

“हॅलो?” नर्स एकदाची आली.

“अकराच्या बाई... त्यांचं रक्त घेऊ नका!”

“केव्हाच परत पाठवली तिला. आम्ही काय तुमच्या साइटच्या भरवशावर सुया टोचतो होय? आधी कार्डावरची मागची तारीख बघतो.”

तिने फोन ठेवला. हुश्श! तिला एकदम हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. डोळे पुसून तिने वर पाहिलं तर नणंद खुर्ची ओढून शेजारी बसलेली.

“म्हणा ना, ताई. मी सांगितलं होतं, म्हणा.”

“म्हणणारच होते. तुझा चेहरा बघितला आणि राहू दिलं.” नणंदेने चष्मा काढला. “पण एवढी हुशार तू. एकच गोष्ट सात ठिकाणी का लिहीत बसलीस?”

तिने हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली.

“प्रोसिजरला हात लावायचा म्हणजे तुम्हाला विचारायचं. घरी कुठला डबा कुठे ठेवू ते विचारायचं, इथे येऊनही तेच. कंटाळा आला होता, ताई.”

नणंद उठली. आपल्या जागेवर गेली, दोन मिनिटं कीबोर्डवर टकटक केली.

“बघ आता. प्रोसिजर बदलायचा अधिकार तुलाही दिलाय.”

“आणि तुम्ही तपासणार?”

“छे! मला माझी कामं आहेत.”

तिने नियम एकदाच लिहिला, डेटाबेसमध्ये. सातही पानांतल्या क्वेऱ्या काढून तिथे प्रोसिजर जोडली, चाचणी घेतली. सगळीकडे एकशेवीस. तास दीड तास गेला असेल. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. पानं प्रत्यक्ष साइटवर चढवायची तेवढी राहिली होती. बटणावर बोट ठेवून ती थांबली.

“ताई,” तिने हाक मारली, “जरा येऊन बघता का?”