हिरव्या पाण्याची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे आणि माणसांच्या घाईपुढे अगदी मेटाकुटीला आले आहे.

भट्टीतून निघाले ती थेट स्वयंपाकघरात आले. कित्येक वर्षं साखर सांभाळली, कधी मुंगी शिरू दिली नाही. सासूबाई येईल-जाईल त्याला माझं कौतुक सांगत. मग सूनबाईंनी मासे पाळले आणि पिल्लांना खायला शेवाळ वाढवायचं मनात घेतलं. मला विचारतं कोण? साखर ओतून घेतली, शेवाळाचं हिरवं पाणी भरलं आणि मला खिडकीत बसवलं.

हात धुतले नाहीत. माशांच्या टाकीतली जाळी तशीच माझ्यात बुचकळली. वर झाकण गच्च आवळलं. अहो, शेवाळालाही हवा लागते! थोड्याच दिवसांत हिरवं पाणी पिवळं पडलं, कुजका वास सुटला.

"ही बरणीच मेली अवलक्षणी!" सूनबाई म्हणाल्या. घ्या! दोष माझ्या माथी!

मला साफ करायला त्यांनी ब्लीच ओतलं, ओट्यावर ठेवलं आणि फोन वाजला म्हणून निघून गेल्या. ना चिठ्ठी, ना खूण. तेवढ्यात सासूबाई आल्या.

"काय हे डाग! व्हिनेगरने निघतील," म्हणत त्यांनी बाटली माझ्यात उपडी केली.

मी ओरडणार कशी? माझ्यातून जहाल वायू उठला. सासूबाईंचे डोळे चुरचुरले, खोकून खोकून त्या ओट्याशीच खाली बसल्या.

"आई, बाहेर चला आधी!" खोकला ऐकून धावत आलेल्या सूनबाईंनी दंडाला धरून त्यांना मोकळ्या हवेत ओढलं आणि तडक डॉक्टरांकडे नेलं.

संध्याकाळी दोघी परतल्या. सासूबाईंचा आवाज पार बसलेला.

"अगं, दोन अक्षरं लिहायला काय झालं होतं तुला?"

"चुकलं, आई. ही बरणी आता ओट्यावर येणार नाही."

आता मला स्वच्छ धुऊन खिडकीत वेगळी फळी दिली आहे, अंगावर नाव-तारखेची चिठ्ठी आहे, झाकण सैल आहे. शेवाळ छान हिरवंगार आहे. तरी काल सूनबाई चहाचा चमचा माझ्यात घालणारच होत्या! सासूबाईंनी मनगट धरलं म्हणून निभावलं.

मित्रांनो, शेवाळ जरूर वाढवा. पण आधी हात धुवा, त्याची भांडी वेगळी ठेवा, ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका. आणि पोटात काय आहे ते आम्हां बरण्यांना बोलून सांगता येत नाही हो. तेवढं तुम्हीच लिहा.